इन्सुलिन बाबांकडे, पाळी आईकडे

आमच्या घरात माझ्या शरीराची वाटणी झालेली होती. इन्सुलिन बाबांकडे आणि पाळी आईकडे. कुणी बसून ठरवलं नव्हतं, आपोआप झालं होतं, आणि एकदा झाल्यावर दोघांनीही एकमेकांच्या कामात डोकावून पाहिलं नाही. सोळा वर्षं पूर्ण झाली तरी मला पाळी आली नव्हती. ती येणार की नाही, हा आईचा घोर होता. माझी साखर का आवरत नाही, हा बाबांचा. हे दोन्ही घोर एकाच मुलीचे आहेत हे ध्यानात यायला आम्हाला सात वर्षं लागली.

मला मधुमेह झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा मूळचे साताऱ्याकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते, आणि आम्ही कुंभवलीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. त्या वर्षी मी घटाघटा पाणी प्यायला लागले, फ्रॉक अंगावर लोंबायला लागले, अंथरूण ओलं व्हायला लागलं. आईने आधी मला दटावलं, मग नवस बोलली, आणि एक दिवस मी वर्गात पडले तेव्हा दवाखान्यात नेलं. आठवडाभराने घरी सोडताना तिथल्या नर्सने आईला संत्र्यावर इंजेक्शन द्यायला शिकवलं. संत्र्याला आईने झकास टोचलं. माझ्या मांडीजवळ आल्यावर मात्र तिचा हात असा लटलटायला लागला, की सुई आधी तिच्याच अंगठ्यात गेली. बाबांनी तिच्या हातातून सिरिंज घेतली आणि म्हणाले, "तू सर. हे माझ्याकडं दे."

बाबांचा हात हलका होता. आयुष्य वॉल्व्ह फिरवण्यात गेलेलं, त्यामुळे किती जोर लावायचा हे बोटांना ठाऊक. मी "आई गं" म्हणायच्या आत ते "झालं" म्हणायचे. मला त्यांच्याकडून टोचून घ्यायची इतकी सवय लागली की बाराव्या-तेराव्या वर्षी, जेव्हा माझं मला सहज जमलं असतं, तेव्हाही मी शिकायचं नाव काढलं नाही. खरं सांगायचं तर ती पाच मिनिटं माझी एकटीची असायची. एरवी बाबा कामावर तरी असायचे, नाहीतर झोपलेले.

आणि गडबड तिथेच होती. बाबांना तीन पाळ्या होत्या, दर आठवड्याला बदलणाऱ्या. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात सगळं ठीक चालायचं. सकाळी सहाला टोचून ते कंपनीची बस पकडायचे आणि संध्याकाळी सातला घरी असायचे. सेकंडच्या आठवड्यात दुपारी सव्वादोनला बस यायची आणि ते अकराच्या पुढे परतायचे. मग संध्याकाळचं इंजेक्शन मला दुपारी दोनला मिळायचं. नाईटच्या आठवड्यात ते सकाळी येईपर्यंत मी शाळेत गेलेली असायचे, म्हणून सकाळचं इंजेक्शन मी शाळेतून आल्यावर, साडेबाराला. झोपेतून उठून, डोळे चोळत ते द्यायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. म्हणजे तीनपैकी एकाच आठवड्यात माझं शरीर घड्याळाप्रमाणे चालायचं. उरलेले दोन आठवडे ते कंपनीच्या शिफ्टप्रमाणे चालायचं.

डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितली होती. कुठल्या वेळी किती युनिट, साखर किती. ती वहीसुद्धा बाबाच लिहायचे, निळ्या पेनने, पट्टीने रेघा मारून. त्या वहीत सातही वर्षं वेळ एकच होती: सकाळी सहा, संध्याकाळी सात. मला हे दिसत होतं. एकदा विचारलंही, "बाबा, आज तर दोनला टोचलं ना?" ते हसले. म्हणाले, "अगं, आमच्याकडं आठची रीडिंग सव्वानऊला घेतली तरी आठच्याच रकान्यात लिहायची असते. रकाना रिकामा दिसला की साहेब ओरडतो." त्यांच्या मनात फसवणूक नव्हती, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. कारखान्यात लॉगशीट अशीच भरतात. रकान्यावर जी वेळ छापलेली, ती वेळ. कागद नीट दिसला म्हणजे काम नीट झालं, असं वीस वर्षांत अंगात मुरलेलं. बोईसरचे आमचे डॉक्टर वही उघडून बघायचे, "वा, टापटीप आहे," म्हणायचे, आणि तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घालायचे.

इकडे आईच्या बाजूला वेगळंच नाटक चाललेलं. वर्गातल्या मुलींना एकेक करून पाळी आली. सातवीत बऱ्याच, आठवीत बहुतेक सगळ्या. दहावीत वर्गात मी एकटी उरले. कपाटात साड्यांच्या तळाशी आईने माझ्यासाठी पॅडचं एक पाकीट आणून ठेवलं होतं. त्यावर इतकी वर्षं गेली की त्याचं प्लॅस्टिक पिवळं पडलं. गावाहून मावशीचा फोन आला की आई आवाज खाली आणायची. मावशी विचारायची, "पोरगी शहाणी झाली का?" आई म्हणायची, "न्हाई अजून." मी पलीकडे गणितं सोडवत बसलेली असायचे आणि माझं डोकं फिरायचं. वर्गात पहिल्या पाचात यायचे मी, तरी शहाणी होत नव्हते.

चाळीच्या मालकीणबाई तिथल्याच, वाडीत भाजीपाला करणाऱ्या घरातल्या. स्वभावाने चांगल्या, पण जगाचं सगळं आपल्यालाच कळतं अशी खात्री असलेल्या. त्यांनी एकदा आईला नळावर गाठलं. "अजून नाय आली? आमी आमच्या पोरींना काय देतो म्हायतीय? तीळ नि गूळ. रोज एक लाडू दे तिला. अंगात उष्णता झाली का येते आपोआप."

आईने दिला. रोज दुपारी, बाबा कामावर असताना किंवा झोपलेले असताना, तिळगुळाचा एक लाडू. मधुमेहाच्या मुलीला गूळ द्यायचा नाही हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण तिच्या मते साखर हा औषधाने सांभाळायचा आजार होता, तो बाबा सांभाळत होते. पाळी न येणं हा तिचा प्रश्न होता, तो तिला सोडवायचा होता. बाबांना ती सांगू शकत नव्हती, कारण लाडवाचं कारण सांगायचं तर पाळीचं सांगावं लागलं असतं, आणि तो शब्द आमच्याकडे पुरुषासमोर निघत नसे. आणि मी? मी का बोलले नाही, असं कुणी विचारलं तर काय सांगू? सात वर्षं चहात साखर नाही, वाढदिवसाला केक नाही, आणि आई स्वतःच्या हाताने लाडू देतेय. मी काय वेडी होते बोलायला!

लाडवाने साखर वाढायची. बाबा हैराण व्हायचे, युनिट वाढवायचे. मग एखाद्या दुपारी मला दरदरून घाम फुटायचा, हातपाय कापायला लागायचे. पुढच्या दिवशी ते घाबरून युनिट कमी करायचे. वहीत मात्र सगळं एका रेषेत.

शेवटी बोईसरच्या डॉक्टरांच्याच लक्षात आलं की माझी उंचीही अडलीय. त्यांनी आईला बाजूला घेऊन विचारलं आणि पालघरला महिन्यातून एकदा येणाऱ्या हार्मोनच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. बाबांनी सेकंड शिफ्टची रजा टाकली आणि आम्ही तिघं बसने गेलो.

त्या डॉक्टर पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर ढकलून बोलायच्या. त्यांनी वही पाहिली. मग बाबांकडे पाहिलं. "काम काय करता?" बाबांनी सांगितलं. "शिफ्ट असेल?" "हो, तिन्ही." त्या वहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मग नाईट असते तेव्हा सकाळी सहाला हिला इंजेक्शन कोण देतं?"

बाबांनी वही स्वतःकडे ओढून घेतली. आई त्यांच्याकडे बघतेय. मला तो प्रसंग अजून लख्ख आठवतो, कारण मीच बोलले. "साडेबाराला देतात," मी म्हणाले. "आणि सेकंडला संध्याकाळचं दुपारी दोनला." बोलताना मला चाडी केल्याचं दुःख झालं नाही. बरं वाटलं. सोळा वर्षांच्या मुलीच्या अंगात जेवढा राग मावतो तेवढा माझ्या अंगात होता, आणि तो बाहेर पडायला कुणीतरी दार उघडलं होतं.

डॉक्टरांनी मग आईला विचारलं, "पाळी?" बाबा लगेच खुर्ची सरकवून उठले. बाहेर जायला निघाले. तशी रीतच होती. डॉक्टर म्हणाल्या, "बसा. तुम्हाला ऐकायचंय हे. तुम्हीच तर इन्सुलिन देता."

मग त्यांनी समजावून सांगितलं, चित्र काढून. पाळीची सुरुवात अंडाशयापासून होत नाही, डोक्यापासून होते. मेंदू अंडाशयाला निरोप पाठवतो, तेव्हा ते कामाला लागतं. इन्सुलिन वेळेवर मिळालं नाही की खाल्लेलं अंगी लागत नाही, मग ताटभर जेवलं तरी शरीर उपाशीच राहतं. उपाशी शरीराला मेंदू जगायला सांगतो, बाकीची कामं थांबवतो. निरोप जात नाहीत. अंडाशय तिथंच असतं, चांगलं असतं, पण वाट बघत बसतं. "लहानपणी मधुमेह झालेल्या मुलींची पाळी थोडी उशिराच येते," त्या म्हणाल्या. "हिचा उशीर जास्त आहे. त्यातलं आजारामुळे किती आणि वेळा चुकल्यामुळे किती, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. पण वेळ आपल्या हातात आहे."

आई तेवढ्यात रडायला लागली आणि लाडवांचं सांगून मोकळी झाली. बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एकाच घरात, दोन खोल्यांत, एकाने गूळ द्यायचा आणि दुसऱ्याने त्यावर इन्सुलिन, आणि दोघांनीही मुलीच्या भल्यासाठी.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर त्यांनी इन्सुलिनचा डबा फ्रीजमधून काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "आजपासून तूच घे. माझ्या हाताला यश न्हाई." मला ते ऐकून वाईट वाटायला हवं होतं. मला आणखी राग आला. मला टोचून घ्यायला शिकवा, वेळ पाळा, एवढंच हवं होतं. यांनी तर हातच काढून घेतला. मी त्या संध्याकाळी बरोबर सातला, त्यांच्यासमोर उभी राहून, स्वतःच्या पोटात सुई टोचली. दुखली. मी "झालं" म्हटलं नाही.

आठ महिन्यांनी पाळी आली. आईने ते पिवळं पाकीट काढलं आणि तिला हसू आवरेना, रडूही आवरेना. तिच्या माहेरी पहिल्या पाळीला न्हाण घालतात, ओटी भरतात. मी म्हटलं, असलं काही केलंस तर बघ. तिने गुपचूप फक्त औक्षण केलं. बाबांना तिनेच सांगितलं असणार. ते त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत, पण जेवताना मी वाढून घेईपर्यंत ताटाला हात न लावता बसून राहिले.

पाळी आली म्हणजे प्रश्न सुटला, असं मला वाटलं होतं. एकोणिसाव्या वर्षी ती पुन्हा लांबायला लागली. दोन महिने, तीन महिने. हनुवटीवर राठ केस यायला लागले. सोनोग्राफीत अंडाशयात बारीक बारीक पुटकुळ्या दिसल्या, मोठ्या न झालेल्या बीजांच्या. आधी इन्सुलिन कमी पडलं म्हणून अंडाशय झोपून राहिलं होतं. आता जे मी बाहेरून टोचून घेत होते ते साऱ्या रक्तात फिरत होतं, आणि त्यातलं अंडाशयाला जरा जास्तच पोचत होतं. त्याने ते चेकाळून पुरुषी हार्मोन बनवत सुटलं होतं. हे ऐकून मी दवाखान्यातच हसले. कमी पडलं तरी पंचाईत, पोचलं तरी पंचाईत! गोळ्या सुरू झाल्या, वजनावर नजर, रोज चालणं. आता मी तिशी ओलांडलीय. तारापूरलाच एका प्रयोगशाळेत नोकरी करते. पाळी कधी पस्तीस दिवसांनी येते, कधी पन्नास. तिच्याशी माझं बरं चाललंय, सासुरवाशिणीचं नणंदेशी चालतं तसं.

पण मला सांगायचंय ते सव्विसाव्या वर्षाचं. तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. आईचं म्हणणं होतं, आधी पसंती होऊ दे, मग हळूच सांगू. पहिले पाहुणे कराडकडचे, मुलगा बोईसरलाच नोकरीला. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. पोहे झाले, चहा आला. तेवढ्यात बाबांनी कप खाली ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. वयाच्या नवव्या वर्षापासून शुगर आहे. इन्सुलिन घेते. पाळी सोळा संपल्यावर आली. अजून पुढे-मागे होते. "आणि हा उशीर माझ्यामुळं झाला," ते म्हणाले. "मी वेळेवर दिलं न्हाई. गुन्हा माझा हाय, पोरीचा न्हाई."

ज्या माणसाने पाळीचं नाव निघताच खुर्ची सरकवली होती, तो चार परक्यांसमोर तो शब्द उच्चारत होता. पाहुणे शिष्टाचाराने उठले, कळवतो म्हणाले, आणि कळवलं नाही. आईने बाबांशी दोन दिवस अबोला धरला.

मी मात्र त्याच संध्याकाळी भांडले. त्यांनी सांगितलं म्हणून नाही. लपवणं मलाही नको होतं. मी म्हणाले, "बाबा, अंडाशय माझं, पाळी माझी, सुया माझ्या पोटात. आणि तुम्ही असं सांगितलंत, की जणू ही सगळी तुमची गोष्ट आहे. मी त्यात कुठंय? तुमच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून बसलेय का मी?" ते म्हणाले, "मग काय करू?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी मी सांगेन. तुम्ही फक्त बसा."

पुढची वेळ तीन महिन्यांनी आली. मी सांगितलं. आजार कधी झाला, इन्सुलिन कसं घेते, पाळी उशिरा आली, अंडाशयात काय आहे, गोळ्या कसल्या. आवाज कापला नाही. मुलाच्या आईने विचारलं, "मूल होईल ना?" मी म्हटलं, "होऊ शकतं. साखर ताब्यात ठेवावी लागेल, थोडी मदत लागेल, वेळ लागेल. पण खात्री मागाल तर ती माझ्याकडे नाही." त्या बाईंनी मान डोलावली. मुलगा खाली बघत होता. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, एक शब्द न बोलता बसले होते. ते स्थळही जमलं नाही.

पाहुणे गेल्यावर आई आत गेली. बाबा कपबशा गोळा करत होते, त्यांनी हे काम आधी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगलं सांगितलंस. सगळं आलं. पण एक सांगायचं राहिलं तुझ्याकडून."

"काय?"

"उशीर कुणामुळं झाला ते."

दहा वर्षं मी ते मनात धरून होते. रागाच्या भरात तोंडावर म्हणायचं, असं कितीदा ठरवलं होतं. आता ते स्वतःच माझ्या हातात देत होते, आणि माझ्या लक्षात आलं की मघाशी पाहुण्यांसमोर बोलताना मला ते आठवलंसुद्धा नव्हतं.

"ते राहिलं नाही, बाबा," मी म्हणाले. "ते मनात नाहीच आता. राहिलं ते वेगळंच. सात वर्षं, रोज दोनदा, तुम्ही मला टोचलंत. ताप असताना, डबल ड्यूटी करून आल्यावर, दिवाळीत, आजी गेली त्या दिवशीसुद्धा. एकदाही चुकवलं नाहीत. मी जिवंत आहे ती त्यामुळे. हे सांगायचं राहिलं माझ्याकडून."

त्यांच्या हातातल्या बशा वाजायला लागल्या. मी पुढे होऊन त्या काढून घेतल्या.